पहाटे तीनला फर्नेस नुसता गार वारा मारते, हुकअपवर मात्र शहाण्यासारखी चालते: शेवटी सापडलं काय ते

आधी लक्षण सांगते, म्हणजे ज्यांना हाच त्रास आहे त्यांना लगेच ओळख पटेल. रात्री बारापर्यंत आमच्या आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, गॅसवर चालणारी फर्नेस मस्त चालते, थर्मोस्टॅट ६२ फॅरनहाइटवर ठेवून आपण झोपतो, आणि पहाटे तीन-साडेतीनला नाक गार पडून जाग येते. पंखा फिरतोय, जमिनीतल्या जाळीतून वारा येतोय, पण तो वारा थेट फ्रीजमधून आल्यासारखा. थर्मोस्टॅट बंद करून परत चालू केला की पंखा पुन्हा सुरू, पुन्हा गार वारा, थोड्या वेळाने सगळं गप्प. सकाळी ऊन आलं, सोलरने बॅटरी जरा वर आली की हीच बया काही झालंच नाही अशी पहिल्या झटक्यात पेटते. आणि आरव्ही पार्कात हुकअपवर, म्हणजे बाहेरची वीज जोडलेली, असली की महिना महिना एकही तक्रार नाही.

आम्ही दोघं २०२१ पासून अमेरिकेत पूर्णवेळ गाडीवर राहतो, ३६ फुटी फिफ्थ व्हील आणि ओढायला डिझेल ड्युअली, म्हणजे मागे जोडचाकं असलेला पिकअप ट्रक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रकच्या हौद्यात एक हिच बसवलेला असतो आणि घराचं नाक त्यावर टेकतं, हायवेवरच्या कंटेनर ट्रेलरसारखं. सांगलीला आईला हे समजवायला मला दोन वर्षं लागली, ती अजून शेजारणींना "लेक ट्रकवर असते" असंच सांगते. नवऱ्याची नोकरी रिमोट आहे, माझी पार्टटाइम, त्यामुळे निम्मा वेळ पार्कात आणि निम्मा वेळ बीएलएमच्या (सरकारी जमीन खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर, जिथे वीज-पाणी-गटार काही नाही. हा सगळा त्रास त्या दुसऱ्या निम्म्यातला.

पहिल्यांदा झालं युटामधल्या मोॲबला, नोव्हेंबरात. दुसऱ्यांदा जानेवारीत क्वार्टझाइटला, ॲरिझोनाच्या वाळवंटात, तिथे ला पोसा नावाच्या मोकळ्या जमिनीवर हजारो गाड्या हिवाळाभर पडून असतात, दिवसा अर्ध्या बाहीत फिरायचं आणि रात्री दोन रजया. तिथे एवढं काही वाटलं नाही, पारा ४० फॅरनहाइटच्या (साडेचार सेल्सिअसच्या) खाली फारसा गेला नाही, रजई ओढून झोपलो. तिसऱ्यांदा मार्चमध्ये न्यू मेक्सिकोत सँटा फेच्या जवळ, उंची ७००० फूट, बाहेर २२ फॅरनहाइट म्हणजे उणे साडेपाच सेल्सिअस, आणि तिथे तोंडचं पाणी पळालं. कारण आमच्या गाडीचं पोट बंदिस्त आहे, टाक्या आणि पाण्याचे पाइप खाली पोटात असतात आणि त्यांना ऊब मिळते ती फर्नेसच्याच एका डक्टमधून. फर्नेस बंद म्हणजे आपण रजईत निभावून नेतो पण पाइप नाही. सकाळी किचनच्या नळाला पाणी नव्हतं. फुटलं काही नाही, नशीब.

आता आम्ही काय काय मूर्खपणा केला तो. मोॲबला वाटलं गॅस संपला. टाकी बदलली, काही नाही. मग कुणीतरी शेजारी म्हणाला थंडीत गॅस गोठतो. हे इथे लागू होत नाही, नीट समजून घ्या. इथे टाकीत प्रोपेन असतो, तो उणे ४२ सेल्सिअसला उकळतो, म्हणजे २२ फॅरनहाइट ही त्याच्यासाठी थंडीच नाही. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेन असतो आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच अडून बसतो, म्हणून आपल्या डोक्यात ते "सिलिंडर गारठला" पक्कं बसलेलं असतं. गॅस आहे की नाही बघायची सोपी पद्धत म्हणजे शेगडीचे सगळे बर्नर लावायचे, निळी दमदार ज्योत आली की गॅस आहे. आणि त्या ज्योतीकडे बघत बघत फर्नेस सुरू करायची, फर्नेसने गॅस घेतला त्या क्षणी शेगडीची ज्योत मान टाकत असेल तर रेग्युलेटर तपासा. आमची ज्योत हललीसुद्धा नाही. (ही शेगडी फक्त टेस्टपुरती, दोन मिनिटं, खिडकी उघडून. त्यावर ऊब घेत बसायचं नाही, त्याबद्दल खाली.)

क्वार्टझाइटनंतर थर्मोस्टॅट बदलला. नंतर एका सर्व्हिसवाल्याकडे गाडी नेली, त्याने दोन दिवस ठेवून घेतली, फर्नेस चालवून बघितली, चालली, म्हणजे चालणारच, आणि "बोर्ड वीक असेल" म्हणून फर्नेसचा कंट्रोल बोर्ड बदलला. पार्ट आणि मजुरी धरून चारशे डॉलरच्या वर गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच्या शेडमध्ये गाडी पूर्णवेळ विजेला जोडलेली होती, आणि आमचा प्रॉब्लेम विजेला जोडलं की नसतोच, हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही कारण तेव्हा माझ्याच डोक्यात ते आलं नव्हतं, मी "थंडीत होतं" एवढंच सांगत बसले.

खरी गोष्ट अशी की आपण फर्नेसला गॅसचं यंत्र समजतो, पण गॅसची पाळी येते सगळ्यात शेवटी. थर्मोस्टॅटने हाक मारली की आधी १२ व्होल्टचा पंखा सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्यात एक पिटुकला पत्रा असतो, सेल स्विच म्हणतात त्याला, सेल म्हणजे शीड, वाऱ्याने तो पत्रा ढकलला गेला की बोर्डाला कळतं की वारा पुरेसा आहे. मग बोर्ड दहा-पंधरा सेकंद थांबतो, आतला जुना गॅस असेल तर निघून जावा म्हणून, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, टिक टिक टिक ठिणगी पडते, भप्प आवाज येतो आणि अर्ध्या मिनिटात ऊब. पंखा दमदार फिरला नाही तर पत्रा हलत नाही, पत्रा हलला नाही तर गॅस नाही, ठिणगी नाही, नुसता गार वारा. आईच्या भाषेत सांगायचं तर फुंकणीत जोर नसेल तर चूल पेटणार कशी. (तिचं मत, बंबात चार ढलप्या टाकायच्या, बोर्ड कशाला लागतो. वादच नाही.)

म्हणजे प्रश्न असा झाला की पंख्यात जोर का नाही. तो पंखा आमच्या फर्नेसमध्ये ९ अँपिअरच्या आसपास खातो, रात्रभरात अर्धा वेळ चालला तरी दहा तासांत ४५ अँपिअर-अवर. आमच्याकडे गोल्फ कार्टच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २२० अँपिअर-अवर, लेड ॲसिड असल्याने निम्मं वापरायचं धरलं तरी ११० हाताशी. हिशोबाने फ्रीजसकट रात्र आरामात निघायला हवी. निघत नव्हती. पहाटे चारला बॅटरीवर मीटर लावला तर १२.२, म्हणजे अजून निम्मी शिल्लक. मी नवऱ्याला म्हटलं बॅटरी ठीक आहे म्हणजे विजेचा प्रश्न नाही, आणि तिथेच चुकले.

धागा सापडला तो सँटा फेच्या त्याच रात्री. जनरेटर होता, पण आजूबाजूला तंबूवाले झोपलेले आणि रात्री जनरेटर लावायला मनाई. पाइपांची भीती होती म्हणून नवऱ्याने ट्रक वळवून पुढे आणला आणि जंपर केबलने ट्रकची बॅटरी घराच्या बॅटरीला जोडून इंजिन चालू ठेवलं. दोन मिनिटांत फर्नेस पेटली. केबल काढल्यावर पुढच्या वेळी पुन्हा गार वारा. आणि मला एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आली, रात्रीच्या शांततेत. फर्नेसचा पंखा घूंऽऽ करत असताना आमच्या १२ व्होल्टच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पंख्याचा सूर खाली उतरला, अगदी तानपुऱ्याची तार सैल केल्यासारखा. बॅटरी १२.२ दाखवतेय आणि पंखा तर दम लागल्यासारखा फिरतोय, म्हणजे मधे कुठेतरी कोणीतरी खातंय.

दुसऱ्या दिवशी बसले. लागतं काय तर वीस डॉलरचा साधा मल्टीमीटर, आणि लांब वायर, मी जुन्या स्पीकरची वीसेक फूट वायर वापरली, मीटरच्या एका टोकाला जोडून. आता जे करायचं ते पंखा चालू असताना करायचं, हे डोक्यात ठेवा, बंद असताना सगळी आकडेवारी छान छान येते. आणि बाहेरची वीज, जनरेटर, सोलर सगळं तोडून, नुसत्या बॅटरीवर.

पहिलं, पंखा चालू असताना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर: १२.०. ठीक. दुसरं, पंखा चालू असताना फर्नेसच्या मागे जिथे लाल आणि काळी वायर आत शिरते तिथे: १०.३. तिथेच मला हसू आलं, खरंच, कारण चारशे डॉलर डोळ्यांसमोर आले. फर्नेसला साधारण साडेदहाच्या खाली व्होल्ट मिळाले की तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये, आणि आमचे पावणेदोन व्होल्ट रस्त्यातच गळत होते. शिवाय सात हजार फुटांवर हवा विरळ, त्या पत्र्याला ढकलायला वाऱ्यात वजनच कमी, म्हणून तिथे सगळ्यात वाईट.

मग कुठे गळतात ते शोधायला प्रत्येक बाजू वेगळी मोजायची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं लांब वायरने फर्नेसच्या लाल वायरीवर, पंखा चालू. आलं ०.६. लांबलचक वायर आहे, थोडं जाणारच. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं फर्नेसच्या काळ्या वायरीवर. १.१. म्हणजे घोडं अर्थिंगकडे पेंड खात होतं. त्यानंतर काळ्या बाजूने एकेक जोड पुढे सरकत मोजत गेले, बॅटरीच्या मायनसपासून चासीपर्यंत जी जाड केबल जाते ती जिथे चासीला स्क्रूने लावलीय, त्या स्क्रूच्या अलीकडे जवळजवळ शून्य आणि पलीकडे पाऊण व्होल्टच्या वर. सापडला.

हा स्क्रू पुढच्या सामानाच्या कप्प्याच्या खाली, नाकाजवळ, जिथे पावसाळी रस्त्यावरचं आणि बर्फावर टाकतात त्या मिठाचं पाणी उडतं. साधा पत्र्यात स्वतःच आटे पाडत घुसणारा स्क्रू, त्याखाली तीन वायरींच्या टोकांचे गोल लग (धातूच्या कड्या) एकावर एक, आणि खालचा चासीचा रंग खरवडलेलासुद्धा नाही. फॅक्टरीतून असाच आला असणार. हाताने वायर हलवली तर लग स्क्रूभोवती गरगर फिरला, आणि बोटाला हिरवट-तपकिरी पूड लागली. एवढ्या मोठ्या घराची अख्खी बॅटरी त्या एका गंजक्या स्क्रूवर टांगलेली.

दुरुस्तीत फार काही सांगण्यासारखं नाही. गॅस बंद, बॅटरीची मायनस काढून ठेवली, पार्कची वीज नाही याची खात्री केली, स्क्रू काढला, चासी चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, भोक मोठं करून नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला, तिन्ही लग नवीन क्रिम्प केले, म्हणजे वायरीवर दाबून बसवले, वरून गंज-विरोधी ग्रीस. एवढंच लक्षात ठेवा की भोक पाडायच्या आधी चासीच्या आतून काय जातंय ते बघा, गॅसची लाइन नाहीतर ब्रेकची वायर तिथूनच जात असते. लाल बाजूला फर्नेसच्या मागे एक जोड नुसता पीळ देऊन टोपी घातलेला होता, तोही कापून नीट क्रिम्प केला. परत मोजलं: बॅटरीवर १२.०, फर्नेसवर ११.४. त्या रात्री २५ फॅरनहाइट होतं, सकाळपर्यंत एकदाही अडली नाही.

आता हुकअपवर का चालायची ते. पार्कची वीज लावली की गाडीतला कन्व्हर्टर (पार्कची वीज बॅटरीजोगी करणारा डबा) १३.६ व्होल्टच्या आसपास देतो, एवढं एक कारण. दुसरं म्हणजे कन्व्हर्टर असतो आत फ्यूज पॅनेलजवळ, त्याचा करंट फर्नेसकडे सरळ जातो, त्या स्क्रूवरून जातच नाही. स्क्रू फक्त बॅटरीच्या वाटेत. आणि म्हणूनच संध्याकाळी दोन दोन तास जनरेटर लावूनही बॅटरी पूर्ण भरत नव्हती, चार्जिंगचा करंटही त्याच स्क्रूतून यायचा आणि तिथे अडायचा. आम्ही जनरेटरला शिव्या घालत होतो.

सगळ्यांचाच स्क्रू खराब नसतो, त्यामुळे फर्नेसजवळ कान लावून ऐका आणि मग ठरवा. पंखाच सुरू होत नाही: फ्यूज, थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅटच्या वायरी. पंखा फिरतो पण टिक टिक येत नाही: व्होल्टेज मोजा वरच्यासारखं, ते ठीक असेल तर सेल स्विच, त्याच्यात कुत्र्याचे केस आणि कार्पेटचा भुगा अडकतो, ज्यांच्याकडे लॅब्रॅडोर आहे त्यांनी आधी हेच बघा, पार्ट स्वस्त आहे. टिक टिक येते पण पेटत नाही: गॅस, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, किंवा ठिणगीची पिन. पेटते आणि काही सेकंदांत विझते: ज्योत ओळखणारी पिन काळी झालीय किंवा बाहेरच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय, इथे ते फार होतं, उन्हाळाभर गाडी उभी होती की ऑक्टोबरात टॉर्च मारून बघायचंच. माशी येऊ नये म्हणून जाळ्या विकतात, पण फर्नेसवर त्या बसवू नका, हवा अडते आणि फर्नेस बनवणारेच नको म्हणतात. आणि शेवटचं, नीट तापते, मग मधेच गार, मग परत गरम: डक्ट चेपलाय किंवा जाळीवर कोणीतरी बूट ठेवलेत. आमच्याकडे बूट कोण ठेवतं ते सांगत नाही.

सेल स्विच वायर लावून बायपास करा असं सांगणारे भेटतील. करू नका. वारा नसताना गॅस पेटू नये यासाठीच तो आहे, झोपलेल्या माणसांच्या पायाशी ही भट्टी असते. शेगडी पेटवून ऊब घेणं तर अजिबातच नको, कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, त्याची बॅटरी आणि एक्स्पायरी दोन्ही बघा. जमिनीजवळचा गॅस डिटेक्टर गाडीच्याच १२ व्होल्टवर चालतो आणि व्होल्टेज पडलं की तोही कुरकुरायला लागतो, आमचा मोॲबला किरकिरत होता आणि आम्ही उशी ठेवून गप्प केला. तीसुद्धा एक खूणच होती.

"लिथियम टाका, कटकट मिटेल" हा सल्ला मला चार जणांनी दिला. लिथियमला माझा विरोध नाही, पुढच्या वर्षी घेऊच. पण ती बॅटरी शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते, त्यामुळे स्क्रूने पावणेदोन खाऊनही फर्नेस चालली असती आणि गंज आत वाढत राहिला असता. शिवाय लिथियम फॉस्फेटची बॅटरी शून्य सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणजे आमच्यासारखी पुढच्या उघड्या कप्प्यात बॅटरी असलेल्यांना तिला आधी ऊब द्यावी लागणार, फर्नेससाठी बॅटरी आणि बॅटरीसाठी हीटर.

आज रात्रीच अडलात तर: फ्रीज, इन्व्हर्टर, टीव्ही, फालतू दिवे सगळं बंद करा आणि मग फर्नेस रीसेट करा, दहा पैकी पाच वेळा तेवढ्यावर पेटते. नाही पेटली तर जंपर केबल, ट्रकचा धूर खिडकीखाली येणार नाही असा उभा करून, आणि इंजिन चालू असेपर्यंत एकाने जागं राहायचं. नळ बारीक धारेने सोडा, पण सांडपाण्याची टाकी किती भरलीय ते बघून. विजेचा छोटा हीटर हुकअपवर खोली गरम करतो पण पोटातल्या पाइपांना त्याचा काही उपयोग नाही, कडाक्याची थंडी असेल तर हुकअपवरही फर्नेस चालूच ठेवा. आणि ३० पाउंडाची टाकी म्हणजे जवळजवळ आपल्या घरच्या सिलिंडरएवढाच गॅस, त्यावर तासाला ३५,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) खाणारी फर्नेस सलग चालली तर अठरा-एक तास, त्यामुळे थंडीत दोन्ही टाक्या भरलेल्या हव्यात.

फर्नेसच्या दाराच्या आत मी मास्किंग टेप लावून त्यावर पेनने लिहून ठेवलंय, "पंखा चालू: बॅटरी १२.०, इथे ११.४". दर ऑक्टोबरात पुन्हा मोजते. मागच्या वेळी ११.३ आलं, नवा नट पाव आटा ढिला झाला होता.